ताराराणी आणि घरातलं युद्ध

आमच्या महिला मंडळाचं एक सल्ला केंद्र आहे. दर शनिवारी दुपारी आम्ही चौघी-पाचजणी तिथे बसतो. नवरा-बायकोची भांडणं येतात, हुंड्याची येतात, दारूची तर येतातच. पण खरं सांगू का, सगळ्यात चिवट भांडणं असतात ती भाऊबंदकीची. सातबाऱ्यावरच्या नावाची, सामाईक विहिरीची, वाड्याच्या मधोमध घातलेल्या भिंतीची. मागे एका प्रकरणात दोन जावा समोरासमोर बसल्या होत्या. बोलता बोलता थोरलीने धाकटीच्या मुलाबद्दलच शंका काढली. हा आमच्या घरातला नव्हेच, असं ती भर बैठकीत म्हणाली. वादातली जमीन जेमतेम दोन एकर. आणि त्या मुलाला लहानपणी याच थोरलीने न्हाऊमाखू घातलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत!

परत येताना एसटीत बसल्या बसल्या मला एकदम ताराबाई आठवल्या. छत्रपती शिवाजी महाराजांची धाकटी सून, राजाराम महाराजांची राणी, आपली ताराराणी. कोल्हापूरला गेलेल्या मैत्रिणींनी कावळा नाक्यावरचा त्यांचा पुतळा नक्की पाहिला असेल. घोड्यावर स्वार झालेली, हातात शस्त्र घेतलेली बाई आपल्याकडे चौकात फारशी दिसत नाही. त्यामुळे तो पुतळा पाहिला की ऊर भरून येतो. तो यावाच. पण आपल्या मनातली ताराबाई बहुधा १७०७ साली थांबते. औरंगजेब मरण पावला आणि धडा संपला! त्या वेळी त्या अवघ्या ३२ वर्षांच्या होत्या. पुढे त्या आणखी ५४ वर्षं जगल्या. त्या ५४ वर्षांत त्यांची लढाई परक्यांशी फारशी नव्हतीच. होती ती घरातल्यांशी.

ताराबाईंचा जन्म १६७५ चा. कऱ्हाडजवळच्या तळबीडच्या मोहित्यांची ही लेक. वडील हंबीरराव मोहिते स्वराज्याचे सरसेनापती, आत्या सोयराबाई म्हणजे शिवाजी महाराजांची राणी. महाराज १६८० साली गेले तेव्हा गादीवर कोणी बसायचं यावरून रायगडावर तेढ पडली. एकीकडे थोरले संभाजीराजे, दुसरीकडे सोयराबाईंचे दहा वर्षांचे राजाराम. हंबीररावांचा सख्खा भाचा राजाराम. पण त्यांनी बहिणीची बाजू न घेता संभाजीराजांना साथ दिली. राज्यापुढे त्यांनी रक्ताचं नातं बाजूला ठेवलं. पुढे त्याच राजारामांशी त्यांच्या मुलीचं लग्न झालं. म्हणजे घरातली फूट काय असते, ती कशी मिटवतात आणि मिटवताना कुणाला काय गिळावं लागतं, हे ही मुलगी माहेरीच ऐकत वाढली असणार. १६८७ साली वाईजवळच्या लढाईत हंबीरराव धारातीर्थी पडले.

पुढचा इतिहास आपल्या सगळ्यांना पाठ आहे, म्हणून भराभर सांगते. १६८९ साली संभाजी महाराजांना पकडून औरंगजेबाने हालहाल करून मारलं. रायगडाला वेढा पडला. येसूबाईंनी दीर राजारामांना गडाबाहेर पाठवलं आणि आपण सात वर्षांच्या शाहूला घेऊन गडावर राहिल्या. गड पडला, मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम दक्षिणेत जिंजीला पोहोचले आणि तिथून त्यांनी राज्य चालवलं. ताराबाई काही वर्षं इकडेच होत्या, मग त्याही जिंजीला गेल्या. १६९६ साली त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव आजोबांचं, शिवाजी. १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम वारले. पंचविशीतली विधवा, चार वर्षांचं मूल आणि समोर साऱ्या हिंदुस्थानचा बादशहा!

ताराबाईंनी मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला. औरंगजेब ऐंशी ओलांडलेला, हट्टाला पेटलेला, एकेक किल्ला घेत सुटला होता. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड. इकडे बाई या गडावरून त्या गडावर फिरत सरदारांना कामं नेमून देत होत्या. बादशहाने महिनोन् महिने वेढा घालून, पैसे चारून किल्ला घ्यावा आणि त्याची पाठ वळली की मराठ्यांनी तो परत मिळवावा, असा तो खेळ चालला. मराठी फौजा माळव्यात, गुजरातेत शिरल्या. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार, मराठ्यांबद्दल चांगलं लिहायचं नाही असा त्याचा बाणा. पण या बाईची हुशारी आणि कारभार त्यालाही मान्य करावा लागला. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरला मेला तेव्हा मराठ्यांचं राज्य शिल्लक होतं. त्याचं मोठं श्रेय ताराबाईंचं, यात वाद नाही.

आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते.

औरंगजेबाच्या मुलांमध्ये तख्तासाठी लढाई लागली. शाहजादा आझम उत्तरेकडे निघाला होता. वाटेत, १७०७ च्या मे महिन्यात, त्याने शाहूंना सोडून दिलं. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवलं. शाहूंना सोडण्यामागे दयाबिया काही नव्हती. झुल्फिकारखानासारख्या मुरलेल्या सरदाराचा सल्ला होता की पुतण्याला मोकळं करा, म्हणजे काकू-पुतणे आपसात लढतील आणि मोगलांची पाठ मोकळी राहील. सव्वीस वर्षं दक्षिणेत बसून, फौजा आणि तोफा ओतून औरंगजेबाला जे साधलं नाही, ते एका माणसाला कैदेतून सोडून साधण्यासारखं होतं. किती सोपी युक्ती! आणि ती लागू पडली.

शाहू पंचविशीचे. अठरा वर्षं कैदेत काढून घरी येत होते. घर म्हणजे राज्य, आणि राज्यावर काकू बसलेली. ताराबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, हा खरा शाहू नाहीच, मोगलांनी पाठवलेला तोतया आहे. दुसरी, खरा असला तरी त्याचा हक्क नाही. संभाजी महाराजांच्या वेळचं राज्य बुडालं होतं, आज आहे ते माझ्या नवऱ्याने आणि मी नव्याने मिळवलेलं आहे, ते माझ्या मुलाचं.

आता आमच्या केंद्रातल्या अनुभवावरून सांगते, माणूस एकाच गोष्टीसाठी दोन कारणं देऊ लागला की पहिल्या कारणावर त्याचा स्वतःचाच विश्वास नसतो. तोतया असेल तर हक्काचा प्रश्न येतोच कुठे? पण दुसरं कारण मात्र मला कधीच उडवून लावता आलेलं नाही. सात वर्षं रानोमाळ कोण फिरलं? किल्ले कुणी राखले? उलट शाहूंच्या बाजूनेही पाहा ना. थोरल्या पातीचा वारस, अभिषेक झालेल्या राजाचा मुलगा. त्याचं बालपण आणि तारुण्य शत्रूच्या छावणीत गेलं, ते राज्याच्याच पायी. त्याला घरात घेऊ नका म्हणायचं? दोन्ही बाजूंना न्याय आहे. परक्याशी लढताना हा पेच नसतो. औरंगजेब परका हे ताराबाईंच्या फौजेतल्या शेवटच्या शिपायालाही सांगावं लागत नव्हतं. शाहू परका आहे हे मात्र मुद्दाम सांगावं लागलं, शपथा घालून पटवावं लागलं.

आपल्या भाषेत अशा लढाईला यादवी म्हणतात. कृष्णाचे यादव प्रभासक्षेत्री आपसात भांडले, हाताशी आलेली लव्हाळी उपटून त्यांनी एकमेकांना मारलं, आणि त्या लव्हाळ्यांची मुसळं झाली. ही कथा लहानपणी कीर्तनात ऐकली तेव्हा मला त्यातलं गवत फार खटकायचं. शस्त्र कशाला, गवतही पुरतं! आता वाटतं, नातं तोडायचं एकदा ठरलं की हाताला लागेल ते चालतं. तोतया हा एक शब्दसुद्धा.

ताराबाईंनी सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या असं सांगतात. सरदारांची अवस्था काय झाली असेल! धनाजी जाधव सेनापती. खेडजवळ, भीमेच्या काठी, १७०७ च्या ऑक्टोबरमध्ये दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. शाहू खरे आहेत याची धनाजींची खात्री पटली आणि ऐन वेळी ते शाहूंकडे गेले. खंडो बल्लाळ चिटणीसही गेले. परशुरामपंत प्रतिनिधी मात्र ताराबाईंच्या बाजूने राहिले. आणि शंकराजी नारायण सचिव, ज्यांच्या घराण्याकडे पुढे भोर संस्थान आलं, त्यांना ना इकडे जाता येईना ना तिकडे. ताराबाईंना दिलेली शपथ मोडवेना, धन्याच्या मुलावर शस्त्र उगारवेना. त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. रणात न पडता, शत्रूच्या हातून न मरता एक कर्तबगार माणूस गेला. यादवीत मेलेल्यांची मोजदाद करताना अशी माणसं कुठे धरायची? शाहूंनी पुढे सचिवपद त्यांच्या लहानग्या मुलाकडेच ठेवलं, ही त्यातली समाधानाची बाब.

शाहूंनी सातारा घेतला आणि १७०८ च्या जानेवारीत तिथे राज्याभिषेक करून घेतला. ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापूरकडे आपली वेगळी गादी उभी केली. एका राज्याचे दोन राजे, दोन दरबार. दोन सेनापती, दोन प्रतिनिधी. आता गंमत बघा. परशुरामपंतांचा एक मुलगा श्रीपतराव साताऱ्याच्या दरबारात मानाने राहिला, तर दुसरा मुलगा कृष्णाजी कोल्हापूरचा प्रतिनिधी झाला. घर दोन्ही डगरींवर हात ठेवून सुरक्षित राहिलं. सगळ्यांनाच हे जमतं असं नाही. धनाजींचा मुलगा चंद्रसेन शाहूंचा सेनापती होता. १७११ मध्ये त्याचं बाळाजी विश्वनाथाशी बिनसलं, एका हरणावरून म्हणे. तो ताराबाईंकडे गेला आणि तिथूनही पुढे निजामाकडे! एका दारात मान दुखावला की दुसरं दार उघडंच. अशा वेळी सरदारावर रागवायची कुठल्याच राजाची हिंमत राहत नाही.

आणि दिल्लीने काय करावं? १७०९ मध्ये नवा बादशहा बहादूरशहा याच्यापुढे दोघांचेही वकील सरदेशमुखीची सनद मागायला उभे राहिले. ज्या बादशाहीशी ताराबाईंनी सात वर्षं झुंज घेतली तिच्याच दारात! बादशहाने सनद कुणालाच दिली नाही. आधी आपसातलं भांडण मिटवा, जो जिंकेल त्याने या, असा त्याचा पवित्रा. घरचं भांडण चावडीवर नेलं की हेच होतं.

१७१४ साली ताराबाईंवरच पाळी आली. राजारामांची दुसरी राणी राजसबाई, म्हणजे ताराबाईंची सवत. तिचा मुलगा संभाजी आता सोळा वर्षांचा झाला होता. दरबारातल्या काही मुत्सद्द्यांना हाताशी धरून राजसबाईंनी ताराबाईंना आणि त्यांच्या मुलाला पन्हाळ्यावर कैदेत टाकलं आणि आपल्या मुलाला गादीवर बसवलं. औरंगजेबाच्या हाती जी बाई कधी सापडली नाही, तिला तिच्याच गडावर, तिच्याच घरातल्या बाईने कोंडलं. फुटीत पुन्हा फूट. एकदा थोरल्या पातीला नाकारायची वाट काढून दिली की धाकट्या पातीतल्या धाकट्यालाही ती सापडतेच.

सोळा वर्षं ही कैद चालली. मुलगा शिवाजी कैदेतच वारला. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तोच गेला. या सोळा वर्षांत बाईंनी काय केलं, काय विचार केला, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. राजे-रजवाड्यांच्या बखरीत कैदेतल्या बाईला ओळी कमीच येतात.

मग १७३० मध्ये सातारकरांनी संभाजीराजांचा वारणाकाठी पराभव केला. राजघराण्यातल्या स्त्रिया शाहूंच्या हाती आल्या. शाहूंचा स्वभाव मोठा मऊ. त्यांनी सगळ्यांना सन्मानाने परत पाठवायचं ठरवलं. पण ताराबाई जायला तयार झाल्या नाहीत. परत गेल्या असत्या तरी कैदच होती, मग साताऱ्याची कैद काय वाईट, असा त्यांचा हिशेब. ज्याला आयुष्यभर तोतया म्हटलं, त्या पुतण्याच्या आश्रयाला त्या आपण होऊन राहिल्या. १७३१ मध्ये शाहू आणि संभाजी या दोन चुलतभावांची कऱ्हाडजवळ जखिणवाडीला भेट झाली आणि एप्रिलमध्ये वारणेचा तह झाला. वारणा नदी ही हद्द ठरली, पलीकडे कोल्हापूर, अलीकडे सातारा. चोवीस वर्षांच्या भांडणाचा निकाल असा लागला. दोघंही हरले नाहीत, दोघंही जिंकले नाहीत. एक नदी मध्ये आली.

ताराबाईंची गोष्ट मात्र संपली नाही. शाहूंना मूलबाळ उरलं नव्हतं. गादीला वारस कोण, या काळजीत म्हातारे शाहू असताना ताराबाईंनी एक गुपित फोडलं. आपल्या कैदेत मेलेल्या मुलाला एक मुलगा झाला होता, आणि सवतीच्या भीतीने त्याला लपवून दूर वाढवलं होतं. त्याचं नाव रामराजा. शाहूंनी त्याला वारस मानलं. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू गेले आणि १७५० च्या जानेवारीत रामराजा छत्रपती झाला. म्हणजे बघा, यादवी जिंकलेल्याच्या गादीवर शेवटी हरलेलीचा नातू बसला! मग ही तेवढी माणसं कशासाठी मेली?

इथे तरी पंचाहत्तरीच्या आजीने देवाचं नाव घेत बसावं, असं आपल्याला वाटतं. पण बाईंना कारभार हवा होता. तो तोवर पुण्याला, नानासाहेब पेशव्यांच्या हाती गेला होता. नातवाने पेशव्यांना दूर करावं अशी त्यांची इच्छा, आणि नातू काही ऐकेना. १७५० च्या नोव्हेंबरात, चंपाषष्ठीच्या निमित्ताने, त्यांनी नातवाला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावलं आणि कैद केलं. उमाबाई दाभाडे आणि दमाजी गायकवाड त्यांच्या बाजूचे. गायकवाडांची फौज गुजरातेतून थेट साताऱ्यापर्यंत आली, पण पेशव्यांनी तिचा पराभव केला आणि दमाजी पकडले गेले. किल्ला मात्र बाईंनी सोडला नाही. शेवटी तडजोड झाली. १४ सप्टेंबर १७५२ रोजी जेजुरीला खंडोबापुढे दोन्ही बाजूंनी शपथा घेतल्या. त्या शपथेत ताराबाईंनी सांगितलं की रामराजा आपला नातू नाही.

मला हे वाचताना दर वेळी थांबावं लागतं. पुरुषाने असं केलं असतं तर त्याला मुत्सद्दी म्हटलं असतं, बाईला मात्र लोभी म्हणतात, असं मीही बैठकीत अनेकदा बोलले आहे, आणि ते खोटं नाही. सात वर्षं राज्य सांभाळलेल्या बाईला सोळा वर्षं कोठडीत ठेवलं तर ती मवाळ होऊन बाहेर येईल, ही अपेक्षाच चुकीची. पण तो नातू काही मला पचत नाही. बहुतेक इतिहासकार त्याला खराच मानतात. पुतण्याला तोतया म्हणून सुरू झालेलं भांडण पंचेचाळीस वर्षांनी स्वतःच्या रक्ताला तोतया म्हणण्यापर्यंत आलं. आणि त्याहून नवल पुढे. देवासमोर शपथ होऊनही रामराजाला कुणी गादीवरून उठवलं नाही. छत्रपती म्हणून तोच राहिला, १७७७ साली मरेपर्यंत. तो खरा का खोटा, याची कुणाला गरजच उरली नव्हती, कारण कारभार पुण्यात होता. पेशव्यांना दोष द्यावा की श्रेय, या वादात मी पडत नाही. पण सातारा आणि कोल्हापूर चोवीस वर्षं एकमेकांना जोखत बसले, तेव्हाच तराजू तिसऱ्याच्या हाती गेला.

ताराबाई असेपर्यंत रामराजा कैदेतच होता. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब गेले, आणि डिसेंबरात साताऱ्यालाच ताराबाईंनी डोळे मिटले. वय ८६. शिवाजी महाराजांच्या हयातीत जन्मलेली ही बाई पानिपताची बातमी ऐकून गेली, हे लक्षात आलं की आयुष्याची ती लांबी पाहून छाती दडपते.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. ताराबाईंची समाधी तिथे आहे. शाहूंचीही तिथेच आहे. एका दहाव्याला गेले होते तेव्हा मी दोन्हीकडे जाऊन आले. घाटावर कावळा शिवायची वाट बघत माणसं बसली होती.

त्या दोन जावांचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. ज्याच्याबद्दल शंका काढली तो मुलगा यंदा दहावीला आहे. पुढच्या शनिवारी दोघींना पुन्हा बोलावलं आहे. थोरली येते म्हणाली. धाकटीचा निरोप अजून यायचा आहे.